लाकडी डोलकाठीचा सांधा पुन्हा पुन्हा उघडतोय? आधी हे तपासा

घरी बांधलेल्या शिडाच्या होडीत सगळ्यात जास्त वेळा दुरुस्तीला येतो तो चिकटवलेल्या डोलकाठीचा सांधा. तळ टिकतो, बाक टिकतात, सुकाणू टिकतं. काठी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर उभी चिरते. मग फटीत नवा गोंद भरला जातो, दोरीनं आवळलं जातं, वरून वॉर्निशचे दोन हात होतात. पुढच्या शिमग्यापर्यंत तीच फट, त्याच जागी, वीतभर आणखी लांब.

या दुरुस्त्या मी बरीच वर्षं करतो आहे आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: फट हा आजार नाही, लक्षण आहे. सांधा उघडण्यामागे लाकूड असतं, पाणी असतं, ऊन असतं, गोंद असतो किंवा चिकटवण्याची पद्धत असते. यातलं नेमकं काय, हे कळल्याशिवाय भरलेला गोंद वाया जातो. वर जुन्या गोंदाच्या थरावर नवा थर बसल्यानं पुढची खरी दुरुस्ती अवघड होते, ते वेगळंच.

हे लेखन ४ ते ६ मीटर लांबीच्या छोट्या होड्यांसाठी आहे. त्यांची काठी साधारण ५ ते ७ मीटर उंच आणि ७० ते ११० मिलिमीटर जाड असते. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी काठी अख्ख्या खोडाची असे. उंडी, सुरू, साग ही नावं आजही जुन्या मेस्त्रींच्या तोंडी असतात, आणि पश्चिम घाटातलं सरळसोट वाढणारं पून तर इंग्रजी अमदानीत जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी मुद्दाम तोडलं जाई. अख्ख्या खोडात सांधाच नसल्यामुळे तो उघडण्याचा प्रश्नच येत नसे. आता तसं सरळ, बिनगाठीचं, सहा मीटरचं लाकूड मिळत नाही, म्हणून आपण फळ्या आणि पट्ट्या जोडून काठी करतो. सगळा भार सांध्यावर येतो तो त्यामुळे.

लक्षणं

तुमच्या काठीत यातलं काय दिसतं ते आधी कागदावर लिहून काढा. जागा आणि ऋतू दोन्ही लिहा. निदान अर्धंअधिक तिथेच होतं.

- सांध्याच्या रेषेवर वॉर्निश केसाएवढं फाटलंय आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकूड काळसर पडलंय. पाणी आत शिरायला लागल्याची ही पहिली खूण.
- फट बुडापासून वर चढते आहे. बहुतेक वेळा बुडाच्या खोबणीत पाणी साचत असतं.
- फट मधल्या उंचीवर आहे, दोन्ही टोकं घट्ट आहेत. इथे ऊन, कोरडं पडलेलं लाकूड किंवा उपाशी सांधा यांपैकी काहीतरी. उपाशी म्हणजे ज्यात गोंद पुरेसा राहिलाच नाही असा.
- फट एप्रिल-मेमध्ये रुंद होते आणि ऑगस्टमध्ये मिटते. लाकडाच्या ओलाव्याकडे बघा, चौथी तपासणी.
- फट पाऊस संपून ऊन पडलं की लगेच उघडते आणि काठी हातात नेहमीपेक्षा जड लागते. पोकळ काठीच्या पोटात पाणी आहे.
- लांबीच्या जोडावर, म्हणजे तिरक्या कापाच्या स्कार्फवर, पायरी दिसते. नखाला लागते. हे गंभीर आहे.
- काठी उन्हात एका बाजूला वाकते आणि संध्याकाळी बरीचशी सरळ होते.
- लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवी, सुरकुतीसारखी बारीक ओळ. असं दिसलं तर पुढचं काही करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

१. नाणं, ब्लेड आणि पेन्सिल

काठी उतरवून दोन घोडींवर आडवी ठेवा. पाच रुपयांचं नाणं घेऊन सांध्याच्या रेषेवरून बोटभर अंतरानं टकटक करत जा. घट्ट सांध्याचा आवाज भरीव, थोडा उंच येतो. जिथे आवाज बसका किंवा फुटका होतो तिथे पेन्सिलीनं खूण करा. काठी पोकळ असेल तर भरीव ठोकळे कुठे आहेत तेही या आवाजावरून कळतं. ठोकळ्याच्या टोकाशी आवाज बदलणारच, तो बदल म्हणजे उघडलेला सांधा नव्हे.

मग दाढीचं ब्लेड फटीत अलगद सरकवा आणि किती आत जातं ते मोजा. पट्टीच्या जाडीच्या पाव भागापर्यंत जात असेल तर सांधा अजून वाचवता येईल. अर्ध्याच्या पुढे गेलं तर वरवर गोंद भरून काहीही साधणार नाही.

फटीच्या दोन्ही टोकांना तारीख घालून खूण करा. या तपासणीला खर्च काहीच नाही, आणि तीच सगळ्यात जास्त लोक गाळतात. एका महिन्यानं फट खुणेच्या पुढे गेली असेल तर सांधा चालता आहे. तसूभरही सरकली नसेल, तर एकदाच बसलेल्या धक्क्यानं उघडून थांबलेला असू शकतो. दोन्हींची दुरुस्ती वेगळी.

२. पाणी कुठून येतं

लाकूड आडव्या कापातून पाणी ओढतं ते बाजूनं ओढल्याच्या कितीतरी पट वेगानं. काठीचं बूड म्हणजे संपूर्ण आडवा काप, आणि तेच नेमकं होडीच्या तळातल्या खोबणीत, साचलेल्या पाण्यात उभं असतं. वरून कितीही सुंदर वॉर्निश असू द्या, बूड उघडं असेल तर काठी वातीसारखी खालून पाणी पिते.

खोबणीला निचऱ्याचं भोक आहे का, आणि ते गाळानं बुजलेलं नाही ना, हे बघा. मग बूड उलटं करून बघा: रंग किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा, कडक होणारा गोंद) शाबूत आहे का, की लाकूड काळं आणि केसाळ झालंय? टोकदार सळईनं टोचा. चांगलं लाकूड सळईला अडवतं आणि उचकटलं तर लांब चीप निघते; कुजलेलं लाकूड चुरमुरत तुटतं.

पोकळ काठीला खालच्या टोकाशी निचऱ्याचं भोक हवंच. आतली हवा उन्हानं तापून फुगते, रात्री आकसते, आणि आकसताना एखाद्या स्क्रूच्या भोकातून ओलावा आत ओढून घेते. त्याला बाहेर पडायला वाट नसली तर पट्ट्यांची आतली बाजू फुगते, बाहेरची उन्हात सुकते आणि सांधा बाहेरच्या कडेनं उघडतो. वरच्या कप्पीच्या खाचेत आणि प्रत्येक स्क्रूपाशी हेच बघा. स्क्रू काढून त्याचा दांडा पाहा. त्यावर गंज किंवा हिरवट थर असला तर त्या भोकातून पाणी जातंय.

माझ्याकडे येणाऱ्या काठ्यांत बुडापासून चढणाऱ्या फटी सर्वांत जास्त असतात आणि त्यांचं मूळ बहुधा याच दुसऱ्या तपासणीत सापडतं. म्हणून गोंदाच्या दुकानात जाण्याआधी इथे पुरेसा वेळ द्या.

३. रंग आणि ऊन

गडद तपकिरी किंवा काळ्या रंगाचं लाकूड मे महिन्याच्या उन्हात ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातं. घरच्या तापमानाला कडक झालेलं बरंचसं इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. ते वितळत नाही, पण ताणाखाली हळूहळू सरकतं. पांढरा सुतारी गोंद, म्हणजे पीव्हीए, याहून लवकर सरकतो. उन्हात वाकणारी आणि संध्याकाळी सरळ होणारी काठी दिसली की माझा पहिला संशय रंगावर असतो.

दुपारी दोन वाजता काठीवर हात ठेवा. हात ठेवून धरवत नसेल तर उपाय स्वस्त आहे: पांढरा किंवा फिकट रंग. वॉर्निशचंच वेड असेल तर अतिनील किरण अडवणारं वॉर्निश वापरा आणि दरवर्षी घासून नवे हात द्या. इपॉक्सी स्वतः उन्हात पिवळं पडून भुगा होतं, त्यामुळे इपॉक्सीच्या आवरणावर रंग किंवा वॉर्निश नसेल तर ते आवरण फार दिवसांचं नाही.

४. लाकडात ओलावा किती

हवेत जितका दमटपणा, तितकं लाकूड पाणी धरतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडाचा ओलावा साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतो, ८० टक्क्यांना १६ च्या आसपास, ९० टक्क्यांना २० च्या. कोकणात जुलैमध्ये चिकटवलेली काठी म्हणजे फुगलेल्या लाकडाची काठी. मार्चमध्ये तीच पट्टी आकसते आणि सांध्याला ओढते.

हे आकसणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. लांबीच्या दिशेनं जवळपास नाहीच, वलयांना काटकोनात मध्यम, आणि वलयांच्या कडेकडेनं त्याच्या साधारण दुप्पट. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत वलयांची दिशा वेगळी असेल तर एक पट्टी जास्त आकसते आणि दुसरी कमी. बिचारा सांधा मध्ये सापडतो.

ओलावा मोजायला मीटर मिळतो, पण स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. त्याच लाकडाचा छोटा तुकडा, टोकापासून निदान वीतभर आतला, कापून लगेच वजन करा. मग १०० अंशांच्या जरा वर ओव्हनमध्ये ठेवा आणि दर दोन तासांनी वजन करा. वजन घटायचं थांबलं की तो कोरडा झाला. समजा ६२ ग्रॅमचा तुकडा ५४ ग्रॅमला थांबला, तर ८ ग्रॅम पाणी होतं. ८ भागिले ५४, म्हणजे सुमारे १५ टक्के. चिकटवण्यासाठी मला ८ ते १२ टक्के हवे असतात. किनाऱ्यावर १३ सुद्धा चालवून घेतो, पण सगळ्या पट्ट्या एकमेकींच्या दोन टक्क्यांच्या आत हव्यात. ही दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

वखारीतून आणलेलं लाकूड लगेच वापरू नका. ज्या पडवीत काम करणार तिथेच, मध्ये सारख्या जाडीच्या चिपा देऊन, हवा खेळेल अशी थप्पी लावा. ताजं कापलेलं लाकूड हवेवर वाळायला इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरतात. वाळवलेलं म्हणून विकलेलंही महिना-दीड महिना घरच्या हवेत राहू द्या. डिसेंबर ते मार्च हा चिकटवण्याचा हंगाम. पावसाळ्यात हे काम काढू नये.

५. लाकूडच चुकलंय का

ही तपासणी जुन्या काठीला लागू आहे आणि नव्या खरेदीलाही.

रेषा बघायची सोपी युक्ती: घासलेल्या पृष्ठभागावर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाका. शाई लाकडाच्या नसांच्या दिशेनं धावते आणि खरी रेषा दाखवते. डोळ्यांना दिसणारी वलयांची नक्षी पुष्कळदा फसवते. शेजारच्या बाजूवरही तेच करा. १५० मिलिमीटर लांबीत रेषा १० मिलिमीटरपेक्षा जास्त तिरकी जात असेल, म्हणजे पंधरास एकपेक्षा जास्त, तर ती फळी डोलकाठीला नको. तिरक्या रेषेची पट्टी वाकताना रेषेवरूनच सुटते, आणि बाहेरून ते सांधा उघडल्यासारखं दिसतं. खुशाल गोंदाला दोष दिला जातो. गोंदाच्या शेजारचं लाकूड फाटलेलं असतं.

गाठी: पट्टीच्या कडेला गाठ नको, मग ती कितीही छोटी असो. मधोमध असलेली, घट्ट, करंगळीच्या नखाहून लहान गाठ मी चालवून घेतो. पण काठी बाकातून वर येते तिथपासून तिला ताणून उभी धरणाऱ्या तारा बांधल्या जातात तिथपर्यंत एकही नको.

वजन: २ मीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर जाड फळी म्हणजे ०.००५ घनमीटर. ती अडीच किलो भरली तर घनता ५०० किलो प्रति घनमीटर. डोलकाठीचं जगभर नावाजलेलं लाकूड म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सिट्का स्प्रूस, ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. डग्लस फर पाचशेच्या थोडं वर. साग साडेसहाशेच्या घरात, सुरू त्याहून खूपच जड. उंच काठीत वरचं प्रत्येक किलो होडीला कलंडवायला मदत करतं, म्हणून साग उत्तम लाकूड असूनही काठीसाठी मी तो शेवटी धरतो.

आपल्याकडे वखारीत मिळणाऱ्यात डग्लस फर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. आयात पाइन स्वस्त असतं, पण त्यातलं बरंच भराभर वाढलेल्या झाडांचं, रुंद वलयांचं असतं. इंचाला निदान आठ वलयं मोजता आली तरच घ्या. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन अजिबात नको. लांबी नाही, गाठी भरपूर, आणि आधी काय भोगलंय कोण जाणे.

दोन जातींची लाकडं एकाच काठीत मिसळू नका. शोभेसाठी पाइनच्या मध्ये सागाची पट्टी घातलेल्या काठ्या माझ्याकडे आल्या आहेत, आणि उघडलेला सांधा नेमका सागाच्या बाजूचा होता. सागाची हालचाल कमी, पाइनची जास्त. शिवाय सागात नैसर्गिक तेल असतं. साग चिकटवायचाच असेल तर ताजा रंधा मारा, अ‍ॅसिटोननं पुसा आणि त्याच तासात चिकटवा.

६. उघडलेला सांधा वाचा

इथवर आलात आणि कारण सापडलं नाही, तर सांध्याचा सुटलेला भाग पूर्ण उघडून आत बघावं लागतं. पातळ पटाशी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरी घालून हलकेच उचकटा, जोर करू नका. दोन्ही बाजू उजेडात धरा, जवळ भिंग असेल तर उत्तम.

दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू उपटलेले दिसले, म्हणजे गोंदानं लाकूड सोडलं नाही, लाकूडच फाटलं. गोंद निर्दोष. दोष लाकडात, भारात किंवा आकाराच्या हिशेबात आहे.

एका बाजूला गोंदाचा गुळगुळीत, काचेसारखा थर आणि समोर स्वच्छ, कोरडं लाकूड दिसलं, तर गोंद त्या बाजूला बसलाच नव्हता. तिथे धूळ होती, तेल होतं, बोथट रंध्यानं पृष्ठभाग दाबून चकचकीत केला होता, किंवा रंधा मारून आठवडाभर फळी तशीच पडली होती. इपॉक्सीत आणखी एक कारण असतं: काही हार्डनरमुळे (इपॉक्सीला कडक करणारा दुसरा भाग) कडक होताना वर मेणासारखा चिकट थर येतो. दमट हवेत, पहाटेच्या दवात तो हमखास येतो. पहिल्या हातावर तो न धुता दुसरा हात मारला की सांधा तिथेच सुटतो. हा थर थिनरनं नव्हे, साध्या पाण्यानं आणि घासणीनं जातो.

दोन्ही बाजूंना गोंदाचे फिके डाग आणि मध्येमध्ये कोरडी लाकडी बेटं असतील, तर सांधा उपाशी आहे. क्लॅम्प, म्हणजे आवळायचे शिकंजे, प्रमाणाबाहेर आवळून सगळा गोंद बाहेर काढला गेला, किंवा आडव्या कापानं तो पिऊन टाकला. इपॉक्सीच्या सांध्यात मला हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं.

गोंद नखानं उकरता आला, रबरासारखा दबला तर मिश्रण चुकलंय किंवा ते पांढऱ्या गोंदाचं काम आहे. फिकट, ठिसूळ, भुगा होणारा आणि तडे गेलेला गोंद बहुधा पावडर पाण्यात कालवून वापरायचा युरिया फॉर्माल्डिहाइड. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की तो वर्षानुवर्षं हळूहळू विरघळत जातो. जांभळट-तपकिरी रेषा म्हणजे रिसॉर्सिनॉल. गोंद पाण्याला अप्रतिम, पण त्याला पातळ थर, तंतोतंत बसणारे पृष्ठभाग आणि जबरदस्त दाब लागतो. तो दाब घरच्या क्लॅम्पनं मिळणं कठीण असतं.

दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि गोंद यांनी बांधलेली मॉस्किटो विमानं भारतात तैनात होती. १९४४ च्या अखेरीस त्यांतल्या काहींचे अपघात झाल्यावर उड्डाणं थांबवून तपासणी झाली. दोष इथल्या हवेचा की कारखान्याचा यावर वाद झाला, पण उघडलेल्या सांध्यांत चिकटवण्याचं कामच कमी दर्जाचं असल्याचं आढळलं. आपल्या हवेत गोंद टिकत नाही असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. हवा कठोर आहे हे खरं, म्हणून आधी आपलं काम तपासा.

गोंदाबद्दल शंका असेल तर नमुना करा. त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच गोंदानं, त्याच पद्धतीनं चिकटवा, आठवडाभर ठेवा आणि जुन्या पातेल्यात काही तास उकळा. भारतीय मानक आयएस ७१० मध्ये मरीन प्लायला ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. आपल्याला इतकं ताणायची गरज नाही. तुकडे थंड झाल्यावर पटाशीनं फोडा. लाकूड फाटलं तर ठीक, गोंदाची रेषा स्वच्छ सुटली तर तो डबा काठीसाठी वापरू नका.

७. दुरुस्ती

कारण सापडलं आणि आधी ते दूर केलं, तरच पुढे.

*फट उथळ आहे, थांबलेली आहे.* गोंद ओतू नका. फटीच्या रेषेवरून पातळ करवतीनं दोन-तीन मिलिमीटर रुंद सरळ खाच पाडा, पट्टीच्या निम्म्या जाडीपर्यंत. म्हणजे जुना गोंद, काजळी, मळ सगळं निघून ताजं लाकूड मिळतं. त्याच जातीच्या लाकडाची, हलक्या हातानं सरकेल इतकी सैल पट्टी करून खाचेत चिकटवा. खाच सुटलेल्या भागाच्या दोन्ही टोकांपलीकडे हातभर न्या.

*फट काठीच्या एक-तृतीयांश लांबीहून जास्त आहे.* अख्खा सांधा उघडा. इपॉक्सी असेल तर हीट गन आणि धीर. तापवून पाचर सरकवत जायचं. लाकूड करपवू नका. मग रंधा मारून दोन्ही बाजू पूर्ण ताज्या करा. मिलिमीटरभर लाकूड जाईल, जाऊ द्या.

चिकटवताना क्रम असा ठेवा. ८० नंबरच्या पेपरनं घासून धूळ पूर्ण काढा. इपॉक्सीचे दोन भाग काट्यावर मोजा. डब्यावर वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं, त्यात गल्लत नको. हार्डनर जास्त घातल्यानं काम लवकर होत नाही, सांधा कच्चा राहतो. मिश्रण दोन-तीन मिनिटं नीट ढवळा, मग दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्याच्या कडेला न मिसळलेलं चिकटून असतं. तापमान १० अंशांनी चढलं की हातातला वेळ जवळपास निम्मा होतो, म्हणून उथळ भांडं, थोडं थोडं मिश्रण आणि सकाळी दव उडून गेल्यावरची वेळ.

आधी दोन्ही बाजूंना नुसत्या पातळ इपॉक्सीचा हात. पाच-दहा मिनिटांत लाकूड कुठे पिऊन टाकतंय ते दिसतं, तिथे पुन्हा. मग त्याच मिश्रणात सिलिकाची भुकटी किंवा बारीक लाकडी पीठ घालून श्रीखंडाइतकं दाट करा आणि एका बाजूला लावा. क्लॅम्प वीतभर अंतरावर. संपूर्ण रेषेतून गोंदाचे बारीक मणी बाहेर आले की थांबा. क्लॅम्प कमी पडले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ताणून गुंडाळा, दाब सगळीकडे सारखा मिळतो. खाली प्लॅस्टिक अंथरा आणि काठीच्या कडेनं ताणलेला दोरा धरून सरळपणा दोन दिशांनी बघा. वाकडी चिकटली तर वाकडीच राहील.

स्कार्फ सुटला असेल तर कापाची लांबी मोजा. डोलकाठीला जाडीच्या निदान बारापट काप हवा: ४० मिलिमीटर जाडीला ४८० मिलिमीटर. प्लायला चालणारा आठपट काप इथे अपुरा पडतो, आणि पुष्कळ जण तोच वापरतात. तिरक्या कापात आडव्या नसा उघड्या असतात, तिथे पहिला पातळ हात दोनदा द्या. शेजारच्या पट्ट्यांचे स्कार्फ एकाच उंचीवर कधीही येऊ देऊ नका.

आठ पट्ट्यांची, कडेला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली पोकळ काठी पुन्हा करत असाल तर सुरुवातीचं माप लक्षात ठेवा: पट्टीची रुंदी काठीच्या व्यासाच्या ०.४ पट आणि जाडी ०.२ पट. ८० मिलिमीटरच्या काठीला ३२ बाय १६. बुडाशी, बाकाच्या उंचीवर आणि तारांच्या जागी आत भरीव ठोकळे हवेत, आणि त्या ठोकळ्यांची टोकं माशाच्या शेपटीसारखी खाचून निमुळती करा. बोथट टोकाशी काठीचा ताठपणा एकदम बदलतो आणि ती तिथेच मोडते.

हातमोजे घाला, घासताना मास्क लावा. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सुटत नाही. मनगटावर खाज किंवा पुरळ आलं तर काम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रेषेला आडवी सुरकुती. लाकडाचे तंतू दाबले जाऊन चुरडले गेले की अशी ओळ येते, बहुधा काठी वाकते त्याच्या आतल्या बाजूला. वॉर्निश काढून पृष्ठभाग ओला केला की ती स्पष्ट दिसते. तिला कुठलाही गोंद चालत नाही. त्या काठीवर शीड चढवू नका.

सळई पट्टीच्या जाडीच्या पाव भागाहून जास्त सहज आत जाते. कुज दिसते त्याहून लांब पसरलेली असते. किती कापायचं हे अनुभवी हातानं ठरवावं.

बाक ते तारा या पट्ट्यात सुटलेला स्कार्फ, किंवा नव्यानं चिकटवूनही दुसऱ्यांदा उघडलेला सांधा. दुसऱ्यांदा उघडला म्हणजे कारण अजून सापडलेलं नाही, किंवा काठीचा आकारच शिडाच्या भाराला कमी आहे. तो हिशेब नौका-रचनेच्या माणसाचा आहे.

काठी ८ मीटरच्या वर असेल, होडी खाडीबाहेर जात असेल किंवा तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला घेऊन जात असेल, तर दुरुस्ती तुम्ही केली तरी पाण्यात नेण्याआधी लाकडी होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीकडून किंवा नौका सर्वेक्षकाकडून ती तपासून घ्या. फर्निचरचा सुतार कितीही कुशल असला तरी हे काम त्याच्या सरावाचं नसतं.

मेस्त्रीकडे जाताना काठी धुऊन, पॉलिश करून नेऊ नका. तारखांच्या खुणा तशाच ठेवा. उघडलेल्या सांध्याचा तुकडा, ओलाव्याचे आकडे, वापरलेल्या गोंदाचा डबा आणि लाकूड कुठून, कधी आणलं ते लिहिलेला कागद सोबत न्या.